जलपर्णी आणि तिचे वैरी

भंडारा जिल्ह्यातील एका गावाहून एक पोस्टकार्ड आले आहे. लिहिणारे गृहस्थ तिथल्या ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे चिटणीस आहेत. मजकूर थोडा, पण नेमका आहे. ते लिहितात की, दोन वर्षांपासून गावच्या तलावात जलपर्णी शिरली. आता डोंगा पुढे सरकत नाही. जाळे टाकले तर मासळीऐवजी मुळ्यांचे झुबकेच वर येतात. तलावाचा ठेका संस्थेने भरून ठेवलेला आहे. गावातील काही मंडळींचे म्हणणे असे की, पंपाने औषध फवारून एकदाचा निकाल लावावा. ढिवरांचे म्हणणे असे की, औषधाने मासे मरतील आणि बुडालेला ठेका कोणी भरून देणार नाही. पुढच्या ग्रामसभेत ठराव होणार आहे. "तरी काय करावे ते रेडिओवरून सांगावे," असे शेवटी लिहिले आहे.

आजचे हे भाषण म्हणजे त्या पोस्टकार्डाचे उत्तर आहे. प्रश्न एका गावचा असला तरी तो पुष्कळ गावांचा होऊ लागला आहे, म्हणून सर्वांसमक्ष देतो.

भंडारा-गोंदियाकडचे हे तलाव म्हणजे मामा तलाव. मामा हे नाते नव्हे. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून झालेले हे नाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी हे तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव मात्र राहिले. धानाला पाणी, गुरांना पाणी, ढिवरांना मासळी, कोणाला शिंगाडा, कोणाला कमळाचे कांदे, असा त्या एका पाण्यावर साऱ्या गावाचा हक्क असतो. तेव्हा तलावावर तण माजले तर नुकसान एकट्या ढिवरांचे होत नाही, हे पंचायतीनेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता ही जलपर्णी कोण, कुठली? हिंदीत हिला जलकुंभी म्हणतात. मूळची ती दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फिकट जांभळी फुले, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, देठाच्या बुडाशी फुगलेली हवेची कुपी. दिसायला इतकी देखणी की, लोकांनी ती हौसेने देशोदेशी नेली. बंगालमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे झाड म्हणून आली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिने तिथल्या नद्या, बिले आणि भातखाचरे अशी काही गिळली की, १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. १९३७ च्या निवडणुकीत तर जलपर्णीचा नायनाट करू, हे राजकीय पक्षांचे एक मोठे आश्वासन होते. एका पाणवनस्पतीने निवडणुकीच्या जाहीरनाम्यात जागा मिळवावी, हे उदाहरण विरळाच!

दुसऱ्यांना कशाला हसू? मी स्वतः विद्यार्थी असताना फुलांच्या मोहाने हिची दोन रोपे आणून परसातल्या हौदात सोडली होती. दिवाळीपर्यंत हौदात बादली बुडेना. ती सारी उपसून मी घरामागच्या नाल्यात फेकली, आणि मोठे काम केले असे समजून हात धुतले. नाला पुढे कुठे जातो याचा विचार त्या वेळी मनातही आला नाही.

हिची वाढ कशी होते ते एका हिशेबाने पाहू. जलपर्णीला बी धरतेच, पण तिचा खरा जोर बाळरोपांवर आहे. आईच्या बुडापासून आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाशी नवे रोप, त्याला पुन्हा धुमारा. ऊब आणि खत मिळाले तर साधारण आठ-पंधरा दिवसांत तिचा पसारा दुप्पट होतो. आपण बारा दिवस धरू. समजा, सोळा एकरांचा तलाव आहे आणि एका कोपऱ्यात पाव एकर जलपर्णी दिसते आहे. लोक म्हणतात, एवढ्याशाने काय होते? बारा दिवसांनी अर्धा एकर, मग एक, मग दोन, मग चार. हे झाले अठ्ठेचाळीस दिवस. साठाव्या दिवशी आठ एकर, म्हणजे अर्धा तलाव अजून मोकळाच! आणि बहात्तराव्या दिवशी पाणी दिसत नाही. दोन महिने गाव निवांत बसते आणि शेवटच्या बारा दिवसांत एकदम हाकाटी उठते.

याच हिशेबाची दुसरी बाजू वजनाची. दाट माजलेली जलपर्णी हेक्टरी दोनशे टन सहज भरते. म्हणजे त्या पाव एकरात झाली वीस टन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन मावतात असे धरले तर सात खेपा. गावची पोरे दोन-तीन दिवसांत हे काम उरकतील. पण बहात्तराव्या दिवशी तेच ओझे तेराशे टनांचे होते, आणि खेपा सव्वाचारशेच्या वर जातात. त्यातही गंमत अशी की, या वनस्पतीत शंभर भागांपैकी नव्वद-पंचाण्णव भाग नुसते पाणी असते. म्हणजे डिझेल जाळून आपण वाहणार काय, तर तलावातलेच पाणी!

मासे का मरतात, तेही सांगितले पाहिजे, कारण ढिवरांच्या आक्षेपाचे मर्म तिथेच आहे. पाण्याला प्राणवायू काही वरच्या हवेतून मिळतो, आणि पुष्कळसा पाण्यातल्या शेवाळापासून व बुडी वनस्पतींपासून मिळतो. त्यांना ऊन लागते. वर जलपर्णीचा थर बसला की खाली काळोख. शेवाळ मरते, वारा पाणी ढवळू शकत नाही, आणि वरून गळून पडणारी पाने तळाशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. मरळ, मागूर हे मासे वर येऊन हवा घेणारे, ते तग धरतात. रोहू, कटला, मृगळ मात्र गुदमरतात, आणि ठेक्याचे पैसे तर त्यांच्यावरच निघायचे असतात. शिवाय डासांच्या काही जाती अशा आहेत की, त्यांच्या अळ्या श्वासासाठी वर येतच नाहीत. तरंगत्या झाडांच्या मुळ्यांत नळी खुपसून त्या तिथूनच हवा घेतात. केरळात हत्तीरोग पसरवणारा मॅन्सोनिया डास याच जातीतला.

आता औषधाचा प्रश्न. तणनाशकाने जलपर्णी मरते का? मरते. टू-फोर-डी किंवा ग्लायफोसेट फवारले की आठ-पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून जळतात. परंतु मेलेली जलपर्णी जाते कुठे? ती तिथेच बुडते. सोळा एकरांवर एका दमात फवारणी केली म्हणजे हजारावर टन हिरवा पाला उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यात कुजत घातला, असे झाले. औषधाने थेट मेले नाहीत तरी मासे या कुजण्याने मरतील. ढिवरांची भीती खोटी नाही. त्यातून ज्या तलावाचे पाणी माणसे, गुरे आणि धान वापरतात, तिथे विषाची गोष्ट काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय फवाऱ्याला कमळ कोणते, शिंगाडा कोणता, हे कळत नाही. बिया तर राहतातच. चिखलात पडलेले जलपर्णीचे बी पंधरा-वीस वर्षांनीही उगवू शकते.

मग तिसरा मार्ग कोणता? आपल्या मुलखात जलपर्णी एवढी माजते, ती तिच्या मायदेशात का माजत नाही? कारण तिथे तिला खाणारे आहेत. लोकांनी झाड आणले, पण त्याचे वैरी तिथेच राहिले. ते वैरी शोधून आणायचे, ही या मार्गामागची कल्पना. वाटते तितकी ती सोपी नाही, हे समजण्यासाठी दुसऱ्या एका पाणतणाची कथा ऐकण्यासारखी आहे.

त्याचे नाव साल्व्हिनिया. केरळात याला आफ्रिकन पायल म्हणतात. हे नेचाच्या कुळातले, फूल नाही, बी नाही. नुसत्या तुकड्यातुकड्याने वाढते. १९३९ साली कोलंबोच्या विद्यापीठात अभ्यासासाठी आणलेले हे झाड तिथून निसटले आणि श्रीलंकेच्या भातखाचरांत पसरले. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबाचे प्रचंड धरण झाले. १९५८ अखेर त्यात पाणी साठू लागले, दुसऱ्याच वर्षी त्यावर साल्व्हिनिया दिसली, आणि १९६२ च्या सुमारास सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी तिने झाकले. शास्त्रज्ञांनी झाडाची ओळख पटवली: ही साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा. त्या जातीवर जगणारे किडे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून गोळा करून आफ्रिकेत सोडले. किड्यांनी म्हणावे तसे काही केले नाही. मंडळी निराश झाली.

चूक किड्यांची नव्हती, नावाची होती. १९७२ साली मिचेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ही जात मुळात निराळीच आहे. तिला त्याने 'मोलेस्टा', म्हणजे त्रास देणारी, असे नाव दिले. आता तिचे खरे घर शोधणे आले. १९७८ साली ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले, आणि तिथे तिच्यावर दोन मिलिमीटर लांबीचा काळा सोंडकिडा मिळाला. तोही आधीच्याच किड्यासारखा दिसला, म्हणून त्यालाही प्रथम जुनेच नाव दिले गेले. तो वेगळा आहे हे १९८५ मध्ये ठरले. पण नावाची वाट न पाहता किड्याने आपले काम केले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील माउंट आयझा या खाणीच्या गावाजवळ मूंडारा नावाचा तलाव आहे. त्याच्या दोनशे हेक्टरांवर सुमारे अठरा हजार टन साल्व्हिनिया होती. जून १९८० मध्ये तिथे दीड हजारांच्या आसपास किडे सोडले. ऑगस्ट १९८१ पर्यंत तलाव मोकळा झाला होता.

याहून मौजेची हकीकत पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीची. तिथे अडीचशे चौरस किलोमीटर पाण्यावर हे तण होते. माणसांच्या होड्या अडल्या, गावे उठून गेली. तोच किडा तिथे सोडला, पण तो काही केल्या रुजेना. तपासाअंती कळले की, तिथले तण भुकेले आहे. त्याच्या अंगात नत्र कमी, म्हणून ते खाणाऱ्या किड्यालाही पोषण मिळत नाही, अंडी घालवत नाहीत. तेव्हा शास्त्रज्ञांनी काय करावे? मारायच्या तणाला आधी युरिया घातला! काही थोड्या जागी तण पोसले, त्यावर किडा पोसला, आणि एकदा त्याची संख्या वाढल्यावर त्याने पुढचे सारे आपले आपण उरकले.

हाच सोंडकिडा १९८३ च्या सुमारास बंगळूरला आला आणि तिथून केरळात गेला. कुट्टनाडच्या भातशेतीत तण काढायला हेक्टरी २३५ रुपये मजुरी पडत असे, तो खर्च वाचला. अगदी अलीकडे मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयात, आपल्या सरहद्दीपासून फार दूर नव्हे, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने साल्व्हिनियावर याच किड्याचा उपयोग केला आहे.

जलपर्णीचे वैरी निराळे. निओकेटिना नावाचे दोन जातींचे सोंडकिडे १९८२ मध्ये अमेरिकेतून बंगळूरला आणले गेले. कोणी म्हणेल, परदेशी किडे सोडले आणि उद्या ते धानावर बसले तर? शंका रास्त आहे. म्हणूनच सोडण्यापूर्वी धान, भाजीपाला, फळझाडे अशा डझनावारी वनस्पतींसमोर त्यांना उपाशी ठेवून पाहतात. हा किडा जलपर्णीवाचून वंश चालवू शकत नाही, अशी खात्री झाल्यावरच १९८३-८४ पासून तो तलावांत सोडण्यात आला. मोठा किडा पाने ओरबाडतो. पानावर जागोजाग चौकोनी-गोल पांढुरके ओरखडे दिसले तर तो आला आहे असे समजावे. खरे काम त्याची अळी करते. ती देठ पोखरत गाभ्यापर्यंत जाते, कुप्यांत पाणी शिरते, आणि झाड हळूहळू खाली बसते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात युगांडाने १९९५ मध्ये आणि केनियाने १९९७ मध्ये हे किडे सोडले, आणि १९९८ नंतर जलपर्णीचा पसारा झपाट्याने कमी झाला. पुरते श्रेय किड्यांचे की त्या सुमारास झालेल्या वादळी पावसाचे, यावर तज्ज्ञांत वाद आहे. दोघांचे आहे, असे मला वाटते. पुढे २००६-०७ मध्ये पुरांनी पुन्हा खत वाहून आणले आणि जलपर्णीने परत डोके वर काढले.

इथे आपल्या गावाला लागू पडणारी गोष्ट आली. किडा हळू चालतो. त्याला तीन ते पाच वर्षे द्यावी लागतात. पाण्यात सांडपाण्याचे खत भरपूर असेल तर झाड किड्यापेक्षा वेगाने वाढते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीने कन्हानला आणि कन्हानने वैनगंगेला मिळते, आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात भंडाऱ्यापाशी जलपर्णी का फोफावते याचे उत्तर पुष्कळसे त्यात आहे. पवईचा तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याजवळचा पाषाण तलाव, सगळीकडे दुखणे एकच. जलपर्णी हा ताप आहे. पाण्यात मिसळलेली घाण हा रोग. मोठमोठी यंत्रे लावून शहरे ती दर वर्षी उपसतात आणि दर वर्षी ती येते, याचे कारण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे ते काम आहे.

मामा तलावाची प्रकृती इतकी बिघडलेली नसते. तेव्हा चिटणीसांना माझे सांगणे असे.

ठराव फवारणीचा करू नये, उपसण्याचा करावा, आणि तारीख आताच्या घाईवर न ठरवता पाण्यावर ठरवावी. चैत्र-वैशाखात तलाव आकसतो, जलपर्णी मधल्या डोहाशी गोळा होते. तेव्हा बांबूला दोर बांधून तिला काठाकडे ओढावी आणि काढावी. काढलेली पाळीच्या आतल्या बाजूला ठेवू नये. पहिल्या पावसात तीच पुन्हा आत येते, आणि कुजली तर तिचे खत तलावातच उतरते. पाळीपलीकडे पसरून वाळवली की ढीग दहाव्या हिश्श्यावर येतो. मग शेणकाल्याबरोबर खड्ड्यात घालून खत करावे. टोपल्या, कागद, गोबरगॅस, असे उपयोग लोक सांगतात, ते खोटे नाहीत. पण उपयोग होतो म्हणून कोणी ती राखू लागला तर मात्र कठीण! शहरी नाल्यातल्या जलपर्णीचे खत भाजीला घालू नये, कारण ती पाण्यातले जड धातू अंगात साठवते.

यानंतर खरे दक्षतेचे दिवस मृगापासून. ओल्या चिखलावर ऊन पडले की जुने बी उगवते. रोपे बोटभर असतात, गवतासारखी दिसतात, आणि नेमकी तीच सुटतात. आषाढ संपेपर्यंत आठवड्यातून एकदा दोन माणसांनी काठाने फेरी मारून ती वेचावी. सर्व झाडे फुलांवर येण्याआधी निघाली पाहिजेत, म्हणजे बियांच्या साठ्यात नवी भर पडणार नाही.

गवत्या मासा सोडावा काय, असे कित्येक विचारतात. १९५९ साली आपल्या देशात आलेला हा मासा पाण्याखालचे मऊ गवत आवडीने खातो. जलपर्णीच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. उलट आपले चांगले गवत तेवढे संपवील. पाण्याखालच्या या गवतात मासळीची पिले लपतात आणि वाढतात, हे ढिवरांना मी सांगायला नको. कमळ, शिंगाडा आणि हे गवत यांना उपसण्याच्या भरात हात लावू देऊ नये. काठावर बेशरम माजली असेल तर ती मात्र खुशाल मुळासकट काढावी, तीही बाहेरचीच.

सोंडकिडे हवे असतील तर जबलपूरच्या संचालनालयाकडे अथवा जवळच्या कृषी विद्यापीठाकडे पंचायतीच्या नावाने चौकशी करावी. त्यापूर्वी पानांवर ओरखडे आहेत का ते पाहावे. कदाचित किडा आधीच आलेला असेल. किडा असल्यास एका कोपऱ्यात बांबूचे कुंपण तरंगत ठेवून त्यात थोडी जलपर्णी मुद्दाम राखावी. सगळी उपसली तर किडाही उपसला जातो, आणि पुढच्या वर्षी उगवणाऱ्या रोपांना वैरी राहत नाही.

शेवटी वरच्या गावाविषयी. मामा तलाव बहुधा साखळीने असतात. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात येते. पोस्टकार्डात लिहिले आहे की, जलपर्णी दोन वर्षांपूर्वी "पावसाच्या पाण्याबरोबर आली". म्हणजे ती वरून आली. वर ती अजून असेल तर तुमचे उन्हाळ्याचे सारे श्रम श्रावणात वाहून जातील. तेव्हा येणाऱ्या पाटाच्या तोंडाशी बांबूची ताटी आणि जुने जाळे आडवे लावावे, पुराच्या दिवसांत रोज सकाळी ते मोकळे करावे, आणि ग्रामसभेला वरच्या गावच्या सरपंचांना व तिथल्या ढिवरांनाही बोलवावे. दोन्ही तलावांचे काम एकाच आठवड्यात, आधी वरचा आणि मग खालचा, असे ठरले तर ट्रॉल्याही सामाईक वापरता येतील.